जोडीचं पोवळं

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या काचेच्या कपाटात काय काय आहे? एक पांढरा ताजमहाल असेलच. मुलांना बक्षीस मिळालेले दोन-चार कप, कन्याकुमारीहून आणलेली शिंपल्यांची बाहुली, आणि कुणाच्या तरी मुंजीत आलेला, खोक्यातून कधीच बाहेर न काढलेला सरबताच्या पेल्यांचा सेट. आमच्याकडेही हे सगळं आहे. पण मधल्या खणात, जिथे पाहुण्याची नजर आधी जाते तिथे, एक पांढरंशुभ्र पोवळं ठेवलेलं आहे. अंगठीत घालतात ते तांबडं पोवळं नव्हे, ते वेगळं. हे ओंजळभर आकाराचं, फांद्याफांद्यांचं, पानं झडून गेलेल्या झुडपासारखं.

त्याची कथा अशी. आमचे मामंजी १९७८ ते १९८० अशी दोन वर्षं अंदमानात बांधकामाच्या नोकरीवर होते. लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मद्रासहून बोटीनं तीन-चार दिवसांचा प्रवास, पुढे राहायला पत्र्याची खोली, म्हणून सासूबाई इथेच, सासू-सासऱ्यांजवळ राहिल्या. दोन वर्षं नुसती पत्रं. मामंजी परत आले तेव्हा ट्रंकेत दोन लुंग्या, एक नारळ आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हे पोवळं. "साडी नाही, सोनं नाही, दगडाचं झाड घेऊन आले!" असं सासूबाई अजून हसून सांगतात. पण दरवर्षी दिवाळीच्या आधी त्याला रिठ्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून, मऊ ब्रशानं फांदी न् फांदी घासून, उन्हात वाळवायचं काम त्यांचंच. मी लग्न होऊन आले त्याला तेरा वर्षं झाली. अजून माझ्या हाती त्यांनी ते दिलेलं नाही.

मामंजी गेल्यावर सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली. त्या कधी काही मागत नाहीत. "मला एकदा अंदमान दाखवा," म्हणाल्या. म्हणून २०२४ च्या नाताळच्या सुटीत आम्ही पाचजण निघालो: आम्ही दोघं, सासूबाई, चिरंजीव आणि धाकटी कन्या.

आता तुम्ही म्हणाल, सेल्युलर जेलचं वर्णन येणार. ते नाही लिहीत. आपल्याकडे त्यावर भरपूर लिहून झालं आहे, आणि तिथे गेल्यावर मराठी माणसाचं काय होतं ते ज्यानं त्यानं तिथे जाऊनच अनुभवावं. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

निघण्यापूर्वी मी आमच्या नगर वाचनालयातून मिळतील ती पुस्तकं, जुनी मासिकं आणून वाचली. शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, तेव्हा निदान आपल्याच मुलांपुढे अज्ञान उघडं पडू नये एवढाच हेतू. लहान-मोठी मिळून आठशेच्या वर बेटं आणि खडक, पैकी माणसांची वस्ती तीसेक बेटांवर, जमिनीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली, हे नकाशातलं झालं. पण एक आकडा वाचून मी थबकले. २०११ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या होती तीन लाख ऐंशी हजार. आणि २०१९ या एका वर्षात तिथे गेलेले प्रवासी होते पाच लाखांच्या आसपास. म्हणजे घरात माणसं चार आणि वर्षभरात पाहुणे पाच! आपल्या घरी असं झालं तर पाण्याचं, संडासाचं, कचऱ्याचं काय होईल याचा हिशोब कुठल्याही गृहिणीला न शिकवता येतो. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे) धनीखारी धरणाचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते पुरत नाही, गावातल्या बायका दिवसाआड पाणी भरून ठेवतात. हॉटेलात मात्र आपण दोन वेळा शॉवरखाली उभे. हे वाचलं होतं म्हणून मी तिथे बादली मागितली. हॉटेलच्या पोऱ्याला काही समजेना. अखेर मोरीत कपडे भिजवायला ठेवलेली बादली त्यानं आणून दिली आणि आम्ही पाचजणांनी चारही दिवस त्यात अंघोळी केल्या. चिरंजीवांनी कुरकुर केली, पण सासूबाईंना बरं वाटलं. त्यांना शॉवरची भीतीच वाटते.

तिसऱ्या दिवशी जॉली बॉय बेटावर जायचं होतं. शहरापासून वांडूरपर्यंत मोटार, तिथून लाँच. वाटेत सिप्पीघाट लागलं. रस्त्याच्या कडेला मैलभर पाणी आणि पाण्यात वाळकी झाडं उभी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिणेकडची जमीन खचली, समुद्र आत आला, भाताची शेतं होती ती कायमची गेली. उत्तरेकडे उलट जमीन वर उचलली गेली आणि पाण्याखालची पोवळ्यांची रानं उघडी पडून उन्हात मेली. एकाच क्षणी एकीकडे शेत बुडावं आणि दुसरीकडे समुद्र उघडा पडावा! सासूबाई म्हणाल्या, "ह्यांनी पत्रात भाताच्या खाचरांचं लिहिलं होतं, आपल्या कोकणासारखं दिसतं म्हणून." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

वांडूरचा समुद्र आणि आसपासची बेटं मिळून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ साली झालेलं, क्षेत्रफळ २८१ चौरस किलोमीटरच्या वर. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच बेटं प्रवाशांसाठी, आणि तीही एकदम नाही. एक उघडं असतं तेव्हा दुसऱ्याला विश्रांती. आपल्या आजीच्या वेळी एक वाफा पडीक ठेवत ना, तसं. वनखात्याचा परवाना काढावा लागतो, माणसांची संख्या ठरलेली असते आणि बेटावर प्लास्टिक न्यायला साफ बंदी.

आणि इथेच माझी फजिती झाली. धक्क्यावर टेबल मांडून पिशव्या तपासत होते. तुम्हाला ठाऊकच आहे, आपण प्रवासाला निघालो की स्वयंपाकघर बरोबर घेऊन निघतो. शंकरपाळी एका पिशवीत, चिवडा दुसऱ्या पिशवीत, थेपले तिसऱ्यात, ओले रुमाल चौथ्यात, आवळासुपारीच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे, औषधांची पिशवी, आणि सगळ्या पिशव्यांना गुंडाळायला अजून एक पिशवी. तपासणाऱ्या बाईंनी एकेक काढून टेबलावर ठेवली. एकोणीस भरल्या! आमच्या मागे रांग खोळंबलेली. मी, जी शाळेत 'प्लास्टिक: शाप की वरदान' या विषयावर निबंध तपासते, ती मान खाली घालून उभी. पाण्याच्या बाटल्याही काढून घेतल्या. तिथे अनामत भरून भाड्यानं बाटली मिळते, ती परत आणून दाखवली की पैसे परत.

सगळ्या घरात एकच व्यक्ती निर्दोष सुटली. सासूबाईंच्या कापडी पिशवीत होता स्टीलचा डबा, एक पंचा आणि त्यांचा पितळी फिरकीचा तांब्या. त्या तांब्यावरून निघताना आमच्यात वाद झाला होता. "आई, आता कोण नेतं तांब्या? ओझं उगाच," असं मीच म्हटलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी तो हातात घेऊन फिरकी उघडून पाहिली, आणि हिंदीत म्हणाल्या, "माँजी, ऐसा सब लाते तो हमारा काम ही नहीं रहता." दिवसभर पाचजण त्याच तांब्यातलं पाणी प्यालो.

जॉली बॉयला धक्का नाही. लाँच लांब उभी राहते आणि काचेच्या तळाच्या होडीत उतरावं लागतं. साडी सावरत, दोन्हीकडून हात धरून सासूबाईंना उतरवलं. होडी पुढे सरकली आणि काचेखाली ते दिसायला लागलं. मी वर्णन करायला गेले तर शाळेतला निबंध होईल. एवढंच सांगते, की मी जांभळ्या रंगाच्या पैठण्या पाहिल्या आहेत, पण तसा जांभळा नाही पाहिला. फांद्यांमधून हळदीच्या रंगाचे मासे शिरत होते, बाहेर येत होते.

धाकटीनं काचेवर नाक दाबलं होतं. मान वर करून तिनं विचारलं, "आई, हे आपल्या कपाटातलंच आहे का?"

"हो गं, तसलंच."

"मग आपलं पांढरं का?"

होडी शांत होती. मी उत्तर जाणत होते, वाचून आले होते. सासूबाई समोरच बसल्या होत्या. मी म्हटलं, "नंतर सांगते." पण होडीवाला मुलगा हसतमुख, बोलका. त्यानं लगेच सांगून टाकलं: "वो मरा हुआ होता है, बेटा. जिंदा वाला रंगीन."

मैत्रिणींनो, पोवळं म्हणजे काय ते मलाही आधी नीट माहीत नव्हतं. दगड वाटतो, झाड वाटतं, पण ती असते वसाहत. तांदळाच्या दाण्याएवढे, काही त्याहूनही लहान असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येकजण स्वतःभोवती चुन्याची भिंत बांधतो. गिरगावातली चाळ म्हणा ना! खोलीला खोली लागून, मजल्यावर मजला. आणि प्रत्येक खोलीत भाडेकरू, अतिसूक्ष्म शेवाळ. ते उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की ही भाडेकरूंची जोडी मोडते. शेवाळ बाहेर पडतं, पोवळं पांढरं पडतं. वेळेत पाणी निवलं तर सावरतं, नाहीतर उपासानं मरतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असं झालं. २०१० चा तडाखा फार मोठा. काही जातींची पोवळी वर्षाला जेमतेम एखाद सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आपलं मूल जन्मल्यापासून मॅट्रिक होईपर्यंत एक वीतही नाही. त्यावर कुणी पाय दिला, नांगर टाकला, तर गेलंच.

आणि हो, उन्हासाठी आपण चेहऱ्याला जी मलमं फासतो त्यांतली काही रसायनं पोवळ्यांना घातक ठरतात असं आढळल्यावर हवाई बेटांनी २०१८ साली कायदाच केला आणि २०२१ पासून तसल्या मलमांची विक्री बंद केली. मी पूर्ण बाह्यांचा जुना पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरले. दिसले बरी नाही, पण भाजलेही नाही.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात बाराटांग होतं: चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून होडीची सफर. ठरलेल्या पैशांतच होतं ते. पण तिथे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, आणि त्यावरून आमच्यात वाद झाला.

हा रस्ता म्हणजे अंदमान ट्रंक रोड. जारवा आहेत सारे काहीशेच. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नसत. मग येऊ लागले आणि १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या मुलांना आपण गोवराची लस टोचून घेतो आणि विसरून जातो. ज्यांनी तो रोगच कधी पाहिलेला नाही त्यांच्यात तो शिरला तर काय, याचा विचार करा. या सगळ्याविरुद्ध तीन संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या: पोर्ट ब्लेअरची 'सेन', म्हणजे अंदमान-निकोबारच्या परिसरासाठी काम करणारी समीर आचार्यांची संस्था, आपल्या पुण्यातली 'कल्पवृक्ष', आणि मुंबईची १८८३ सालची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिघींपैकी दोघी महाराष्ट्रातल्या, हे वाचून मला अभिमान वाटला. शेखर सिंग यांच्या आयोगानं पाहणी केली आणि मे २००२ मध्ये न्यायालयानं आदेश दिला: राखीव जंगलातली आणि राष्ट्रीय उद्यानांतली वृक्षतोड थांबवा, किनाऱ्यावरची वाळू उपसणं कमी करत आणा, आणि हा रस्ता जारवांच्या भागात बंद करा. लाकूडतोडीला त्यामुळे खरोखर आळा बसला. रस्ता मात्र चालूच राहिला. २०१२ साली प्रवाशांसाठी जारवा बायकांना नाचायला लावल्याची फिल्म एका इंग्रजी वर्तमानपत्रानं जगापुढे आणली तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला. आता गाड्या पोलिसांच्या पहाऱ्यात ठरलेल्या वेळी एकत्र सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही.

मी म्हटलं, मी येणार नाही. हे म्हणाले, "पैसे भरलेत. आणि आपण काही कुणाला त्रास देणार आहोत का? गाडीत बसून जायचं, गाडीत बसून यायचं." चिरंजीवांना गुहा बघायच्या होत्या. शेवटी हे आणि चिरंजीव गेले. मी, सासूबाई आणि धाकटी मागे राहिलो. तुम्ही विचाराल, नवऱ्याला का नाही अडवलं? अडवलं असतं तर उरलेले तीन दिवस अबोला झाला असता, हे खरं उत्तर. तत्त्वापेक्षा मला त्या वेळी सहल गोड होणं महत्त्वाचं वाटलं.

रात्री दोघं परतले. गुहांचं चिरंजीवांनी भरभरून सांगितलं. हे गप्प. दिवे मालवल्यावर म्हणाले, "एका वळणावर एक बाई उभी होती, कडेवर मूल. आमच्या गाडीतले सगळे एका बाजूला धावले. ती बघत होती आमच्याकडे. मी मान खाली घातली." पुढे काही बोलले नाहीत, मीही काही विचारलं नाही.

आम्ही तिघी त्या दिवशी वांडूरच्या बाजूलाच पुन्हा गेलो होतो. तिथे 'आनेत' या संस्थेचं ठाणं आहे. १९९० च्या सुमारास मद्रासच्या मगर-केंद्राच्या मंडळींनी उभं केलेलं, जंगलाच्या कडेला, साध्या झोपड्यांचं. कासवं, मगरी, खारफुटी, साप यांचा अभ्यास तिथून चालतो. मोठमोठ्या पदव्यांची माणसं तिथे येतात-जातात, पण रान आणि समुद्र जाणणारी माणसं म्हणजे कारेन. १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरकडे वसवलेल्या लोकांची ही मुलं-नातवंडं. कासवांच्या कामाचा पाया घालणारे सतीश भास्कर यांच्याबद्दल मी निघण्यापूर्वी वाचलं होतं. अंदमान-निकोबारचे किनारे त्यांनी शेकडो मैल पायी तुडवले, कुठल्या वाळूत कुठलं कासव अंडी घालतं ते मोजत. २०२३ साली ते गेले. त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८२ च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपमधल्या सुहेलीच्या निर्मनुष्य बेटावर कासवांसाठी एकटे राहिले. पावसाळ्यात होडी येत नाही, टपाल नाही. त्यांनी बायकोला पत्र लिहिलं, बाटलीत घालून बूच लावलं आणि समुद्रात सोडलं. ते तीन-साडेतीन आठवड्यांनी श्रीलंकेतल्या एका कोळ्याच्या हाती लागलं, त्यानं ते तिकीट लावून पुढे पाठवलं, आणि ते तिला पोचलं!

ही गोष्ट मी सासूबाईंना परतीच्या वाटेवर सांगितली. त्यांनी दोनदा विचारलं, "पोचलं? खरंच पोचलं?" मग म्हणाल्या, "ह्यांची पत्रं बोटीनं यायची. कधी महिनाभर नाही, कधी चार एकदम. एकदम आली की मी एकच उघडायचे. बाकीची पुरवून पुरवून."

शेवटचे दोन दिवस आम्ही नील बेटावर होतो. २०१८ पासून त्याला शहीद द्वीप म्हणतात. तिथे किनाऱ्यावर शंख-शिंपले इतके, की धाकटीनं अर्ध्या तासात रुमाल भरला. त्यातला एक शंख चालायला लागला! तिनं किंकाळी फोडली. शंखात घर करून राहणारा खेकडा तो. त्याचं मागचं अंग मऊ असतं म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो, आणि मोठा झाला की बिऱ्हाड बदलतो. किनाऱ्यावर मोठे शंख उरलेच नाहीत तर त्यानं जायचं कुठे? जगभरच्या किनाऱ्यांवर असे खेकडे बाटलीच्या टोपणात संसार थाटलेले आढळले आहेत. फोटो पाहून हसू येतं आणि मग येत नाही. तिथल्या होडीवाल्यांनी सांगितलं, काहीच न्यायचं नाही, विमानतळावर तपासतात. पोवळी आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. धाकटीनं तोंड पाडून सगळा रुमाल वाळूत रिकामा केला. मी तिला शाबासकी दिली, आणि मनातल्या मनात स्वतःलाही.

विमानतळावर पिशव्या यंत्रातून गेल्या. एक पिशवी बाजूला काढली. कापडी, तांब्याची.

"ये किसका है?"

तांब्या बाहेर काढला. फिरकी उघडली. आत, पंच्याच्या कापडात गुंडाळून, बोटभर लांबीची, तीन फांद्यांची पांढरी काडी.

मला काय वाटलं ते विचारू नका. आमच्या मागे आमच्याच विमानातली मराठी मंडळी उभी. जवान तरुण होता, तो सभ्यपणे वागला. "माँजी, ये ले जाना मना है," म्हणाला आणि ती काडी त्यानं मागच्या टेबलावर ठेवली. तिथे ढीगच होता: शंख, पोवळी, एक भला मोठा शिंपला. सासूबाई म्हणाल्या, "मेलेलंच होतं. वाळूत पडलं होतं." मराठीतच म्हणाल्या. त्याला कळलं नसावं.

आत येऊन खुर्चीवर बसल्यावर मी रागानंच बोलले, "आई, पोरीनं एवढे शंख टाकून दिले, आणि तुम्ही? होडीत सगळं ऐकलं होतंत ना तुम्ही?"

"ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "ते एकटं आहे ग कपाटात. चव्वेचाळीस वर्षं. म्हटलं, जोडीला एखादं लहानसं."

मी पुढे काही बोलू शकले नाही. धाकटीनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि विमान येईपर्यंत तशीच राहिली.

परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "कसं झालं अंदमान?" मी जे सांगते ते तुम्हालाही सांगून ठेवते. जरूर जा. तिथल्या कितीतरी घरांची चूल प्रवाशांवर चालते, आपण न जाणं हा उपाय नाही. पण सहलवाल्याला पैसे भरण्याआधी विचारा, बाराटांगला गाडीनं नेणार की कसं, आणि ते नको असेल तर तेवढे पैसे कापून द्याल का? आमच्यासारखं आयत्या वेळी भांडू नका. फराळ डब्यांतून न्या. पाण्यात उतराल तर पाय तळाला टेकवू नका. आणि एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी, २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरतो. मोठं हॉटेल नाही. गावातल्या बायकाच आपल्या घरात पाहुणे उतरवतात आणि पोटभर जेवू घालतात, पैसा त्यांच्या हातात पडतो. आम्ही २०२५ च्या मार्चमध्ये जाऊन आलो. आमची यजमानीण सांगत होती, पूर्वी सासरे अंडी उकरून आणायचे, आता नवरा रात्री किनाऱ्यावर राखणीला जातो. सासूबाई तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या त्या तासभर बाहेर आल्या नाहीत.

पण अंदमानच्या दक्षिणेला निकोबार आहे, तिथे गॅलाथिया खाडीच्या वाळूत जगातलं सर्वात मोठं कासव अंडी घालायला येतं. त्या खाडीचं अभयारण्यपद २०२१ साली काढलं गेलं आणि २०२२ साली तिथल्या बंदराच्या, नव्या शहराच्या प्रकल्पाला पर्यावरणाची मंजुरी मिळाली. मी टेबलावर एकोणीस पिशव्या मोजून दिल्या. या खाडीचा हिशोब कुठल्या टेबलावर होतो, ते मला सारखं आठवत राहतं.

त्यानंतरची दिवाळी आली. सासूबाईंनी रिठे भिजत घातले. पोवळं घासून उन्हात ठेवलं आणि वाळल्यावर कपाटात न ठेवता माझ्यापुढे आणलं.

"तुझ्या शाळेत दाखवायचं आहे का मुलांना?"

तेरा वर्षांत पहिल्यांदा! पण माझ्या हाती नाही दिलं. सुटी संपल्यावर त्या स्वतःच माझ्याबरोबर रिक्षातून आल्या, मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं पोवळं घेऊन. सहावीच्या वर्गात टेबलावर ठेवलं, मी फळ्यावर चाळीचं चित्र काढून सगळं समजावलं. मुलं एकेक करून जवळ येऊन पाहून गेली, हात कुणी लावला नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "आजी, हे जिवंत होतं तेव्हा कुठल्या रंगाचं होतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगता येईना. मेल्यावर सगळ्यांचा रंग सारखाच.

"आमच्याकडच्यांना विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी पाहिलं असेल. पत्रात लिहिलेलं आठवत नाही. बघते पुन्हा काढून."

त्या दिवसापासून दुपारी माजघरात ट्रंक उघडी असते. पत्रं तारखेवार लावायचं काम चालू आहे. धाकटी मदतीला असते. १९७९ च्या जूनपर्यंत आल्या आहेत.